मागची काच अजून कोरीच! कोरलाइन धरायला नेमकं काय लागतं? (३ फुटी टाकी, ठाणे)

घोडबंदरचा खारा

नमस्कार मंडळी,

खाऱ्या पाण्याची टाकी, ३ × १.५ × १.५ फूट. दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण १६० लिटर. गेल्या दिवाळीनंतर सुरू केली. दगड सगळा कोरडा, कृत्रिम. क्लाउन माशांची जोडी, एक गोबी मासा आणि झोआच्या (मऊ, प्रवाळासारख्या जिवांच्या) दोन चकत्या, एवढाच संसार.

मासे मजेत आहेत. सुरुवातीचं तपकिरी शेवाळ येऊन गेलं, केसाळ हिरवंही आता आटोक्यात आहे. पण कोरलाइनचा, म्हणजे दगड-काचेवर चढणाऱ्या चुनखडीच्या शेवाळाचा, गुलाबी-जांभळा थर नाही म्हणजे नाहीच. इतरांच्या फोटोत मागची काच, पंप, ओव्हरफ्लो सगळं जांभळं दिसतं, माझा पंप मात्र खोक्यातून काढला तसा काळाकुळकुळीत. कॅल्शियमची बाटली संपवली, कोरलाइनच्या स्पोअरची (बीजाणूंची) बाटली ओतली, फरक शून्य. आता दुकानदार म्हणतो स्ट्रॉन्शियम आणि आयोडीन घ्या.

काल संध्याकाळी मोजलेले आकडे:
क्षारता (मिठाचं प्रमाण) रिफ्रॅक्टोमीटरवर ३५, म्हणजे विशिष्ट घनता १.०२६
तापमान २९
पीएच ७.९
कॅल्शियम ३७० (हे आणि खालचे, केएच सोडून, पीपीएममध्ये)
केएच (कार्बोनेटचं प्रमाण) ६.२
मॅग्नेशियम ११५०
नायट्रेट १०, फॉस्फेट ०.१५

पाणी घरच्या आरओचं. लाइट एलईडी, दहा तास, पांढरा-निळा दोन्ही फुल्ल. आणखी एक: शंख टिकत नाहीत. आणले की काही आठवड्यांत उलटे पडलेले सापडतात. त्याचा याच्याशी संबंध आहे का माहीत नाही, पण सांगून ठेवतो.

कुठली बाटली घेऊ?

कामोठे_०९

भावा, धीर धर. माझ्याकडे वर्ष लागलं. लाइटचा पांढरा चॅनल कमी कर, निळा राहू दे. बाकी आपोआप होतं.

कळव्याचा मत्स्यप्रेमी

बाटल्यांत पैसे घालवू नका. गणपतीला कोकणात जाणारं कोणी असेलच ना? मालवणकडून दोन-चार गुलाबी झालेले खडक आणायला सांगा. टाकीत टाकले की दोन महिन्यांत सगळं रंगतं. फुकटात काम.

ब्युरेटवाली ताई

कळवेकर, तो सल्ला मागे घ्या. मालवणचा तो पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आणि खडकाला चिकटून दगडी प्रवाळाचा तुकडा आला, तर तो १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. कोरलाइनच्या हौसेपायी कोकणात जाणाऱ्या कोणाला वनखात्याच्या दारात उभं करू नका.

आता खारा, तुझ्याकडे वळते. बाटली कुठलीच घेऊ नकोस. आधी तुझेच आकडे पुन्हा बघ.

समुद्राच्या पाण्यात, क्षारता ३५ असताना, कॅल्शियम ४१०-४२० असतं, मॅग्नेशियम १३००च्या आसपास आणि केएच ७. तुझं कॅल्शियम ३७०, मॅग्नेशियम ११५०, केएच ६.२. आता भागाकार कर. ३७० भागिले ४२०, ११५० भागिले १३००, ६.२ भागिले ७. तिन्हीचं उत्तर ०.८८च्या आसपास येतं. कोरलाइनने किंवा प्रवाळाने खाल्लं असतं तर केएच सगळ्यात आधी आपटलं असतं, कॅल्शियम थोडं उतरलं असतं आणि मॅग्नेशियम जवळजवळ जागेवर राहिलं असतं. तिन्ही एकाच दराने कमी, याचा अर्थ पाण्यात मीठच कमी आहे. ३५ गुणिले ०.८८५ म्हणजे ३१. माझा अंदाज, तुझी टाकी ३१वर चालली आहे आणि रिफ्रॅक्टोमीटर तुला ३५ सांगतोय.

टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या लॅबमध्ये माझी नोकरी टायट्रेशन (थेंबथेंब द्रावण घालून मोजणी) करण्यात गेली, त्यामुळे मी माणसावर पटकन विश्वास ठेवते, उपकरणावर नाही. तू म्हणशील की आरओच्या पाण्यावर तो शून्य दाखवतो. दाखवू दे. शून्याला बरोबर असलेला काटा पस्तिशीला बरोबर असेलच असं नाही, स्वस्तातल्या रिफ्रॅक्टोमीटरमध्ये तर हे हमखास होतं. तपासायला महागडं द्रावण नको. सोनाराकडे असतो तसला छोटा वजनकाटा असेल तर शुद्ध पाणी ९६.३५ ग्रॅम आणि साधं मीठ ३.६५ ग्रॅम, नीट विरघळव. या द्रावणात प्रकाश ३५ क्षारतेच्या समुद्राच्या पाण्याइतकाच वाकतो, म्हणून रिफ्रॅक्टोमीटरवर बरोबर ३५ दिसलं पाहिजे. किती दिसतं ते इथे लिही.

दुसरं, शंख. स्वयंपाकघरातला आरओ कुठल्या प्रकारचा आहे? त्यात 'कॉपर' किंवा 'मिनरल' लिहिलेलं कार्ट्रिज आहे का? नळाखाली वाकून बघ आणि सांग.

तिसरं, टाकी एसीच्या खोलीत आहे का?

खारघर_स्किमर

ताईंचा भागाकार भारी आहे. मी इतकी वर्षं तीन आकडे तीन वेगवेगळी दुखणी म्हणून बघत आलो.

एक शंका, गुलाबी काहीही दिसलं म्हणजे ती कोरलाइन असं असतं का? माझ्या वाळूवर मरून रंगाचं काहीतरी पसरलंय.

ब्युरेटवाली ताई

वाळूवर चादरीसारखं पसरतं, बोट लावलं की सालपटासारखं निघतं आणि बुडबुडे धरून बसतं ते सायनो. त्याला बॅक्टेरिया म्हण, शेवाळ म्हणू नकोस. कोरलाइन नखाने निघत नाही, ब्लेड लागतं. तरी खात्री हवी असेल तर एक कपची बशीत घेऊन वर व्हिनेगरचा थेंब टाक. फसफसली तर कोरलाइन, कारण तिच्या पेशींच्या भिंतींत चुनखडी भरलेली असते, आणि तीही मॅग्नेशियम मिसळलेली. म्हणून तर कॅल्शियम, केएच आणि मॅग्नेशियम तिन्हींवर नजर ठेवायची.

पहिल्यांदा येते ती पसरत येत नाही. पंपाच्या जाळीवर, कोपऱ्यातल्या सिलिकॉनवर, रिटर्नच्या पाइपावर मोहरीपेक्षा बारीक ठिपके दिसतात. भिंग लावलंस तर ठिपक्याची कड फिकट, जवळजवळ पांढरी दिसते. तीच वाढणारी कड. दोन ठिपके वाढत एकमेकांना भिडतात तिथे बारीकसा उंचवटा येतो. ते दिसलं की समजायचं पाणी जमलं.

घोडबंदरचा खारा

ताई, तुम्ही भविष्य बघता का?

सोसायटीच्या खाली सराफाचं दुकान आहे, त्यांच्याच काट्यावर मीठ मोजून आणलं. ते माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होते. द्रावण बनवलं, रिफ्रॅक्टोमीटरवर घातलं. ३९ दिसतंय! पुसून पुन्हा घातलं, पुन्हा ३९. साध्या पाण्यावर मात्र चोख शून्य.

आरओवर 'कॉपर' असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय, आईने मुद्दाम त्यासाठीच घेतला होता. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आरोग्याला चांगलं म्हणून. टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर त्याचं पाणी ४५ येतं.

टाकी हॉलमध्ये. उन्हाळाभर एसी आणि खिडक्या बंद. घोडबंदरला खिडकी उघडली की धूळ आणि हॉर्न दोन्ही आत येतात. आता पावसाळा लागलाय तरी सवयीने बंदच असतात.

ब्युरेटवाली ताई

चला, दोन चोर सापडले.

शंखांचा मारेकरी बहुतेक तोच आरओ. माणसाला तांबं थोडं चालतं, मासे बरंच सहन करतात. पण शंख, कोळंबी, खेकडे या बिनकण्याच्या मंडळींना अगदी थोडं तांबं पुरतं. दुकानदार आजारी माशांना तांब्याचं औषध देतात ते वेगळ्या टाकीत, ते यासाठीच. आणि शंख नाहीत म्हणजे काचेवरची हिरवी फिल्म खायला कोणी नाही, म्हणजे कोरलाइनच्या ठिपक्याला बसायला जागा नाही. तुझे शंख आणि तुझी कोरी काच यांचा संबंध हा असा आहे.

४५ टीडीएस पण मेंब्रेनमुळे नाही. हे घरगुती आरओ शुद्ध केलेल्या पाण्यात चवीसाठी पुन्हा क्षार मिसळतात. आईचं पाणी आईला राहू दे. आरओवाल्याला बोलाव आणि मेंब्रेननंतर, पण कॉपर-मिनरल कार्ट्रिजच्या आधी एक टी-जोड बसवून वेगळी नळी काढायला सांग. पाच मिनिटांचं काम आहे. त्या नळीपुढे उरलेसुरले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा डबा लाव आणि मीटरवर शून्य येईपर्यंत तेच पाणी वापर. टाकीत सध्या जे तांबं आहे त्यासाठी चांगलं अॅक्टिव्हेटेड कार्बन लाव आणि नवीन पाण्याने बदल सुरू ठेव. तांब्याची टेस्ट किट मिळते, ती साफ येईपर्यंत एकही शंख विकत घेऊ नकोस.

आता मीठ. ३१ वरून ३५ला न्यायचं तर १६० लिटरला साधारण ६४० ग्रॅम समुद्री मीठ लागेल. सरळ टाकीत ओतू नकोस. पंखा लावला असशील तर रोज तीनेक लिटर पाणी उडत असेल ना? ते गोड्या पाण्याने भरतोस, त्याऐवजी आठवडाभर ३५ क्षारतेचं मिठाचं पाणी भर. तीन लिटरमधून १०५ ग्रॅम मीठ जातं, म्हणजे रोज अर्ध्या-पाऊण अंशाने वाढ. माशांना कळणारही नाही. ३५ म्हणजे तुझ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३९, हे कागदावर लिहून टाकीला चिकटव. नाहीतर तू घाईत पुन्हा ३५वर थांबशील.

एवढं केलंस की एकही बाटली न उघडता कॅल्शियम ४१८च्या आसपास जाईल, मॅग्नेशियम १३००, केएच ७. मग फक्त केएच साडेआठपर्यंत उचलायचं. १०० लिटरला १ केएच वाढवायला ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो. तुला दीड वाढवायचं आहे, म्हणजे सात-सव्वासात ग्रॅम, दोन-तीन दिवसांत विभागून, आरओच्या पाण्यात विरघळवून. खायचा सोडाच. बेकिंग पावडर नाही, तिच्यात स्टार्च आणि आम्ल असतं.

स्ट्रॉन्शियम-आयोडीन विसर. दर आठवड्याचा पाण्याचा बदल ते पुरवतो.

कळव्याचा मत्स्यप्रेमी

खडकांचा सल्ला मागे घेतला ताई, अभयारण्याचं माहीत होतं पण डोक्यात आलं नाही.

एक विचारतो. कॅल्शियम आणि केएच दोन्ही वाढवायला परदेशातले लोक चुन्याची निवळी वापरतात म्हणे. मग आपला पानाचा चुना का नाही? कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे पुडीने मिळतो.

ब्युरेटवाली ताई

पदार्थ तोच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पण पानाचा चुना ओला असतो, त्यात पाणी किती आणि चुना किती हे पानवाल्यालाही ठाऊक नसतं. शिवाय कुठल्या भट्टीतून आला, सोबत काय आलं, त्याचा हिशोब नाही. विडा खा खुशाल, टाकीत घालू नका. केमिकल विकणाऱ्या दुकानात लॅब ग्रेडची कोरडी पावडर मिळते, ती घ्या.

लिटरभर आरओ पाण्यात दीड ग्रॅम पुरे. त्याहून जास्त फारसं विरघळतच नाही. डबा हलवायचा, झाकण लावून ठेवायचा, गाळ तळाशी बसला की वरची निवळी तेवढी थेंबथेंब सोडायची. तीही रात्री, कारण रात्री लाइट बंद असताना पीएच खाली गेलेला असतो आणि निवळीचा पीएच १२च्या वर असतो. घाईत एकदम ओतली तर मासे जातील. डोळ्यात उडाली तर डोळा जाईल, चष्मा लावा.

खारा, तुला हे पुढे उपयोगी पडेल, आत्ता नाही. आधी पीएचचा सोपा उपाय. बंद हॉलमध्ये घरातल्या माणसांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो, तोच स्किमर (बुडबुड्यांनी घाण काढणारा फिल्टर) टाकीत ढोसतो. ७.९ त्यामुळे. स्किमरची हवेची बारीक नळी लांब करून बाल्कनीबाहेर काढ, पाऊस आत शिरणार नाही अशी तोंड खाली करून. कोरलाइन ७.९ला मरत नाही, पण ८.२-८.३ला चुनखडी बांधणं तिला सोपं जातं.

तापमान २६-२७पर्यंत आण. पंखा मार्चमध्ये दोन-तीन अंश उतरवतो, पण जुलैच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, पंखा नुसता फिरतो. त्या दिवसांत एसी किंवा चिलर. खर्चाचं काम आहे, ते तुझं तू ठरव. आणि पंखा निकामी झाला की बाष्पीभवनही कमी होतं, तेव्हा मिठाच्या पाण्याचा माझा वरचा हिशोब पुन्हा मांडावा लागेल. रोज मोजत जा.

नेरूळचा निवांत

सगळं वाचलं. रसायन ताईंनी सांगितलं, मी मूळ गोष्ट सांगतो. तुझे दगड कोरडे, कृत्रिम. त्यांच्यावर कोरलाइनचा एकही जिवंत कण कधी नव्हता. आकडे कितीही सुंदर आणलेस तरी विरजणाशिवाय दही लागत नाही. स्पोअरच्या बाटल्यांवर माझा फारसा विश्वास नाही. कुठल्या गोदामात किती उन्हात पडून असतात कोण जाणे.

माझ्याकडे उलट दुखणं आहे. मागची काच, दोन्ही पंप, ओव्हरफ्लोचा कंगवा, थर्मामीटर, सगळ्यावर थर. पंप दर दोन-तीन महिन्यांनी लिंबू सत घातलेल्या पाण्यात बुडवून ठेवावे लागतात, नाहीतर पंखाच अडकतो. लोक कोरलाइन लावायला धडपडतात आणि मी काढायला. समोरच्या काचेवर जुनं एटीएम कार्ड चालत नाही, ब्लेडच लागतं. अॅक्रिलिकवाल्यांनी मात्र ब्लेड लावू नका, चरे पडतील.

तर तुला हवी तेवढी खरवड घेऊन जा. प्रवाळ नाही, दगड नाही, माझ्याच काचेवर वाढलेल्या कपच्या, त्यामुळे कायद्याचीही भानगड नाही. शिवाय थर चढलेला प्लॅस्टिकचा एक जुना पाइप देतो, तो पंपासमोर ठेव.

लावायची पद्धत: कपच्या टाकीच्या पाण्यातच बोटांनी चुरायच्या, पंप चालू ठेवायचे, स्किमर आणि फिल्टरचा मोजा काही तास बंद. चुरा सगळीकडे जाऊन बसतो. लाइट पहिल्याच दिवसापासून फुल्ल नको. माझ्याकडे सगळ्यात गडद जांभळी वाढ दगडाच्या खालच्या सावलीत आहे, थेट दिव्याखालची फिकट.

घोडबंदरचा खारा

निवांतदादा, नेकी और पूछ पूछ! या रविवारीच येऊ का?

ब्युरेटवाली ताई

थांब. तांब्याची टेस्ट साफ आली का? मीठ ३५ला पोचलं का? नसेल तर त्याने दिलेली खरवड ३१च्या पाण्यात टाकून पांढरी करशील आणि मग इथेच येऊन विचारशील की पांढरी का पडली. क्रम असा ठेव: नळी, कार्बन, मीठ, सोडा, मग शंख, आणि शेवटी खरवड. फॉस्फेटसाठी खाणं थोडं हात आखडून घाल, ०.१च्या खाली आलं की पुरे. जास्त फॉस्फेट चुनखडीच्या स्फटिकाला चिकटून त्याची वाढ अडवतं. पण तुझ्याकडे तो मुख्य गुन्हेगार नाही, त्यामुळे लगेच रिमूव्हर घ्यायला धावू नकोस.

आणि निवांत, खरवडीत आइप्टेशिया (झपाट्याने पसरणारं उपद्रवी समुद्रफूल) तर येणार नाही ना? तुझ्या सम्पमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) होते मागे.

नेरूळचा निवांत

सम्पमधलं काही देत नाही ताई. मागच्या काचेच्या वरच्या अर्ध्यातलं देतो, तिथे एकही नाही. पाइपही भिंग लावून बघून देईन.

खारा, सावकाश ये. मी तोवर मागची काच खरवडत नाही, तेवढंच मला निमित्त.

घोडबंदरचा खारा

आरओवाला उद्या येतोय. आईला आधी वाटलं मी तिचं तांबं काढून टाकतोय, तर तिने जेवण वाढणंच बंद केलं होतं. वेगळी नळी म्हटल्यावर शांत झाली.

ताई, एकच राहिलं. कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट घेऊन ठेवू का, की गरजच पडणार नाही?

ब्युरेटवाली ताई

झोआंना चुनखडी लागत नाही आणि तुझ्याकडे कोरलाइन अजून यायची आहे. निदान पावसाळाभर पाण्याचे बदल पुरतील. आणि आत्ता घेऊही नकोस. कॅल्शियम क्लोराइड दमट हवेत पाणी धरतं, पुडी एकदा उघडली की ऑगस्टपर्यंत तिचा चिखल होतो आणि मग १० ग्रॅम म्हणून तू जे मोजशील त्यात किती पाणी असेल देव जाणे. लागलंच तर दसऱ्यानंतर घे. हवाबंद बरणीत ठेव. १०० लिटरला कॅल्शियम १० पीपीएम वाढवायला डायहायड्रेट प्रकारचं ३.७ ग्रॅम, एवढं वहीत लिहून ठेव. एप्समचं तेव्हाचं तेव्हा बघू.

नेरूळचा निवांत

येशील तेव्हा घट्ट झाकणाचा, कधीही साबण न लागलेला डबा आण. आणि संध्याकाळच्या ट्रान्स हार्बर लोकलने परत जाऊ नकोस, दुपारची पकड. कपच्या टाकीच्या पाण्यात बुडालेल्याच राहिल्या पाहिजेत, डबा आडवा झाला आणि त्या कोरड्या पडल्या तर घरी पोचेपर्यंत पांढऱ्या.